माशांच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास : नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

ठाणे आणि नवी मुंबईतील सूक्ष्मजीवशास्त्राचे, प्राणिशास्त्राचे आणि जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी मला अधूनमधून विचारतात, की माशांच्या आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी, त्यासाठी परदेश गाठणे भागच आहे का, आणि पुढे या विषयावर पोट भरता येते का. मी ठाण्यात शिकले, खाडीतल्या माशांच्या आतड्यातील जीवाणूंवर प्रबंध केला आणि सध्या नवी मुंबईतील एका अन्नचाचणी प्रयोगशाळेत काम करते. त्यामुळे या प्रश्नांना थोडे सविस्तर उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा एवढाच, की या विषयात आधी मासा शिकावा लागतो आणि जीवाणू त्याच्या मागून येतो. बहुतेक नवे विद्यार्थी नेमके याच्या उलट करतात.

ज्या जीवाणूने मला या विषयाकडे ओढले त्याची हकिकत आधी सांगते, कारण तिच्यात या शास्त्राची जवळजवळ सगळी कार्यपद्धती आलेली आहे. तांबड्या समुद्रातील प्रवाळखडकांवर तपकिरी सर्जनफिश नावाचा शाकाहारी मासा राहतो. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेल्या धारदार काट्यांमुळे या कुळाला सर्जनफिश म्हणतात. लेव्ह फिशेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या माशाच्या आतड्यात सिगारच्या आकाराच्या, कमालीच्या मोठ्या एकपेशीय जीवांची नोंद प्रसिद्ध केली. यांतल्या काही पेशी ६०० मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून अधिक लांब भरतात आणि नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. आपण पहिल्या वर्षाला ज्या ई. कोलायवर हात बसवतो तो जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब असतो, आणि घनफळ काढले तर यातली मोठ्यात मोठी पेशी ई. कोलायच्या सुमारे दहा लाख पट भरते. एवढी मोठी पेशी जीवाणूची असेल असे कोणाला वाटणे शक्यच नव्हते. म्हणून १९८८ मध्ये तिला एप्युलोपिसियम फिशेल्सोनी हे नाव मिळाले तेव्हा तिची गणना केंद्रक असलेल्या एकपेशीय जीवांत, म्हणजे प्रोटिस्टांत झाली, आणि तेथेही तिचे नेमके नाते अनिश्चितच ठेवले गेले.

पुढे ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील सर्जनफिशमध्येही असे जीव सापडले. केंडल क्लेमंट्स आणि स्टॅन्ली बुलिव्हंट यांनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची अंतर्रचना तपासली, तेव्हा केंद्रकाचे आवरण नाही, मायटोकाँड्रिया नाहीत आणि पृष्ठभागावर दाटीने असलेली केसांसारखी उपांगे जीवाणूंच्या कशाभिकांच्या घडणीची आहेत, असे दिसून आले. तरीही शंका पूर्णपणे फिटली नव्हती. ती १९९३ मध्ये एस्थर अँगर्ट, क्लेमंट्स आणि नॉर्मन पेस यांनी फेडली. त्यांनी या पेशींतून रायबोसोमल आरएनएचे जनुक वेगळे करून त्याचा क्रम वाचला आणि हा जीव क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्यातील जीवाणूच आहे हे दाखवले. या शोधनिबंधातील एक पायरी प्रत्येक नवशिक्याने नीट समजून घ्यावी. आतड्यातील मिश्रणातून मिळालेला क्रम त्याच मोठ्या पेशीचा आहे, शेजारच्या एखाद्या साध्या जीवाणूचा नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी त्या क्रमाला जुळणारे चमकणारे शोधक रेणू तयार केले आणि ते त्याच महाकाय पेशींना जाऊन चिकटतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. क्रम मिळाला म्हणजे ओळख पटली असे त्यांनी मानले नाही. आज दर महिन्याला आतड्यातील जीवाणूंच्या याद्या ढिगांनी प्रसिद्ध होतात, त्यांतल्या फार थोड्या यादींमागे एवढी काळजी असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीवाणू इतका मोठा होऊ शकत नाही असे का मानले जात होते, हेही समजून घ्यायला हवे, कारण मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. जीवाणूच्या पेशीत अन्नरेणू आणि प्रथिने मुख्यतः विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, इकडून तिकडे जातात, आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर शंभर पट झाले की वेळ दहा हजार पट होतो. त्यातच पेशी वाढली की तिच्या घनफळाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडू लागतो आणि आत घेतलेले अन्न पुरेनासे होते. एप्युलोपिसियमने यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे. २००८ मध्ये अँगर्ट यांच्या गटाने दाखवले, की एका पेशीत जनुकसंचाच्या हजारो, मोठ्या पेशीत तर दहा हजारांच्या कितीतरी पट प्रती असतात, आणि हा डीएनए पेशीच्या मध्यभागी नसून कडेकडेने, पटलालगत पसरलेला असतो. त्यामुळे बाहेरून जे काही येईल त्याला प्रतिसाद देणारे जनुक जवळपासच हजर असते आणि लागणारे प्रथिन जागच्या जागी तयार होते. २०२३ मध्ये याच गटाने एप्युलोपिसियम व्हिव्हिपॅरस या जीवाणूचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले, की हा जीवाणू समुद्री शेवाळातील बहुशर्करांचे विघटन करण्यासाठी मोठ्या प्रमाणावर विकरे (एन्झाइम) तयार करतो आणि ऊर्जेसाठी नेहमीच्या हायड्रोजन आयनांऐवजी सोडियम आयनांच्या प्रवाहाचा वापर करतो. सतत शेवाळ खाणाऱ्या समुद्री माशाच्या आतड्यात शर्करा आणि सोडियम या दोन्ही गोष्टींची चणचण नसते, हे लक्षात घेतले की या रचनेमागचा तर्क उमगतो.

याचे पुनरुत्पादनही मुद्दाम पाहण्यासारखे आहे. आईपेशीच्या आतच दोन किंवा अधिक कन्यापेशी तयार होतात, वाढत वाढत आतली बहुतेक जागा व्यापतात आणि शेवटी आईपेशी फाटून त्या बाहेर पडतात. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियममध्ये बीजाणू ज्या पद्धतीने पेशीच्या आत घडतो, त्याच प्रक्रियेचे हे बदललेले रूप मानले जाते. काही सर्जनफिशमधील याच्या नातलग जीवाणूंत तर रात्रीच्या वेळी खरेखुरे बीजाणू तयार होताना आढळले आहेत. आणि हे सारे चक्र माशाच्या दिनक्रमाशी बांधलेले असते. मासा दिवसभर चरतो आणि रात्री खडकांच्या कपारीत निपचित राहतो, त्यानुसार पेशींच्या आतील कन्यांची वाढ दिवसाच्या त्या त्या वेळी ठरावीक टप्प्यावर असते. मासा किती वाजता धरला याची नोंद ज्याने ठेवली नाही, त्याला हे चक्र कधीच दिसले नसते. मासा आधी शिकावा, असे मी म्हणते ते यासाठी.

महाकाय जीवाणू फक्त माशाच्या पोटातच असतात असे नाही. १९९७ मध्ये नामिबियाच्या किनाऱ्यालगतच्या गाळात हाइडे शुल्झ यांना थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस सापडला, जो पाऊण मिलिमीटरपर्यंत मोठा होतो, मात्र त्याचा बराचसा भाग नायट्रेट साठवणाऱ्या रसधानीने भरलेला असतो. २०२२ मध्ये थायोमार्गारिटा मॅग्निफिकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटांवरच्या कांदळवनात, पाण्यात बुडालेल्या कुजक्या पानांवर वाढणारा हा धाग्यासारखा जीवाणू साधारण एक सेंटिमीटर आणि क्वचित दोन सेंटिमीटरपर्यंत लांब होतो, आणि त्याचा डीएनए पटलाने वेढलेल्या लहान लहान कप्प्यांत असतो. ही बातमी आली तेव्हा ऐरोलीच्या कांदळवनाशेजारी राहणाऱ्या आम्हा काही जणांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळ्या चिखलावर कधी कधी जो पांढुरका पापुद्रा दिसतो, त्यात गंधकावर जगणारे धाग्यासारखे जीवाणू असू शकतात. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर तो पाहण्यासारखा विषय आहे.

आता प्रत्यक्ष सुरुवातीकडे वळते. सर्जनफिश हा प्रवाळांतला मासा आहे, तो ठाणे खाडीत मिळणार नाही. पण म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही, कारण आतड्यातील सूक्ष्मजीवांचा अभ्यास शिकण्यासाठी लागणारे मासे आपल्या दारात आहेत. त्यातही मी नवशिक्याला बोय या माशाचे नाव सुचवते. बोय चिखलावरचा गाळ, डायटम (काचेसारखे कवच असलेली एकपेशीय शेवाळे) आणि कुजणारे सेंद्रिय कण खातो, त्यामुळे त्याच्या आतड्यात पाहण्यासारखे खूप असते. निवटीतल्या ज्या जाती चिखलावरचे डायटम खरवडून खातात त्याही चांगल्या. बांगडा, शिंगाळा, जिताडा यांचा आहार वेगळा, म्हणून त्यांची आतडीही वेगळी. शाकाहारी आणि मांसाहारी मासे शेजारी शेजारी उघडून पाहिले की अर्धे पाठ्यपुस्तक समजते.

मासा मिळवताना दोन गोष्टी पाळाव्यात. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. तेथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय चिखल, पाणी किंवा मासा यांपैकी काहीही उचलू नये. परवानगीचा अर्ज महाविद्यालयामार्फत करावा आणि तो मंजूर होण्यास वेळ लागतो हे धरूनच प्रकल्पाची आखणी करावी. सुरुवातीच्या शिक्षणासाठी मात्र कोळ्यांनी विक्रीसाठी आणलेला मासा पुरेसा असतो. जिवंत माशांवर प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची संमती लागते, हेही सुरुवातीलाच माहीत असावे. आणखी एक व्यावहारिक गोष्ट म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या समुद्री मासेमारीवर बंदी असते, आणि एम.एस्सी.चे प्रकल्प आखताना मुले हे हमखास विसरतात.

दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यात ओळख वाढवा, हा माझा सर्वांत कळकळीचा सल्ला आहे. बाजारातला मासा कधी धरला, बर्फावर किती वेळ होता, जाळे कुठे लावले होते, हे फक्त तो विकणाऱ्या मावशीच सांगू शकतात, आणि त्या हे जितक्या बारकाईने सांगतात तितके कोणत्याही लेबलावर लिहिलेले नसते. मी पहिल्यांदा मासा साफ न करता द्या म्हटले तेव्हा मावशी म्हणाल्या, “आतली घाण कशाला पाहिजे गो तुला?” मी समजावून सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून माझ्यासाठी पहाटेच्या ओहोटीचे बोय वेगळे काढून ठेवायला सुरुवात केली. उधाण (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांचा माशाच्या पोटाशी काय संबंध आहे, हे मी त्यांच्याकडून शिकले. उधाणाच्या भरतीत पाणी चिखलाच्या ज्या पट्ट्यापर्यंत पोहोचते तेथे भांगाच्या दिवसांत पोहोचत नाही, म्हणून माशाला चरायला मिळणारी जागा बदलते आणि पोटात सापडणारा ऐवजही बदलतो. तेव्हापासून माझ्या नोंदवहीत तारखेच्या शेजारी तिथी असते.

बोय उघडण्याची कृती थोडी सविस्तर सांगते. मासा बर्फातून काढून आधी त्याची लांबी, वजन आणि वेळ लिहून घ्यावी. पृष्ठभागावरचे जीवाणू आत जाऊ नयेत म्हणून पोटाची बाजू ७० टक्के अल्कोहोलने पुसावी आणि कात्रीचे टोक गुदद्वारापासून पुढे, अगदी वरवर चालवावे, कारण टोक खोल गेले की आतडे फाटते आणि सगळा नमुना वाया जातो. पोट उघडताच आतून काळा पापुद्रा दिसतो. तो खराबपणा नाही, बोयीच्या उदरपोकळीचे अस्तरच तसे असते, आणि घरी मासा करताना आपण तो चोळून काढतो. जठराचा मागचा भाग जाड स्नायूंचा आणि टणक असतो, कोंबडीच्या पेट्यासारखा, आणि त्याचे कामही तेच आहे. गिळलेल्या वाळूच्या मदतीने तो डायटमची कवचे भरडतो. त्यानंतर आतड्याची वेटोळी येतात. चिमट्याने मधला पातळ पडदा सोडवत गेले की ते आतडे उलगडत जाते आणि माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरते. कापण्यापूर्वी प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना दोऱ्याची गाठ मारावी, नाहीतर पुढचे द्रव्य मागच्यात मिसळते आणि तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

आता पुढच्या भागातील एक थेंब आणि मागच्या भागातील एक थेंब दोन वेगळ्या स्लाइडवर घेऊन कव्हर स्लिप ठेवावी आणि कोणताही रंग न घालता पाहावे. पुढच्या थेंबात सोनेरी-तपकिरी रंगद्रव्याने भरलेले डायटम दिसतात. मागच्या थेंबात त्याच डायटमची रिकामी, काचेसारखी पारदर्शक कवचे दिसतात आणि त्यांच्या अवतीभवती जीवाणूंची दाटी असते. काही जागच्या जागी थरथरत असतात, काही सरळ रेषेत सुसाट जातात, काही मळसूत्री आकाराचे गिरक्या घेत नजरेआड होतात. या दोन थेंबांच्या मध्ये जे काही घडले तोच आपल्या अभ्यासाचा विषय आहे. ज्याने हे दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे त्याला पुढे संगणकावरच्या रंगीत स्तंभालेखांत काय शोधायचे हे कळते, आणि ज्याने पाहिलेले नाही त्याला तो आलेख फक्त रंगीत दिसतो.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगते. हातमोजे नेहमी वापरावेत. शिंगाळ्याचा काटा फार वाईट लागतो, आणि माशांबरोबर येणारे काही व्हिब्रिओ व मायकोबॅक्टेरियम मरिनम हे जखमेतून शिरून त्रासदायक संसर्ग करू शकतात. जखम असलेल्या हाताने मासा उघडू नये.

कौशल्यांबाबत विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ असतो, म्हणून येथे थोडे थांबते. माशाच्या मागच्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. महाविद्यालयात आपण उघड्या हवेत अगरच्या बशीवर जीवाणू वाढवायला शिकतो, आणि त्या पद्धतीने आतड्यातील जीवाणू वाढवले तर व्हिब्रिओ, एरोमोनास, बॅसिलस यांसारखे हवेत वाढणारेच समोर येतात. मूळ वस्तीचे चित्र त्यामुळे एकांगी होते. म्हणून ऑक्सिजनविरहित संवर्धन, निदान अ‍ॅनेरोबिक जार वापरून तरी, लवकरात लवकर शिकून घ्यावे. गोड्या पाण्यातील अनेक माशांच्या आतड्यात मुबलक असलेला सेटोबॅक्टेरियम, जो बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो, तोही ऑक्सिजन नसतानाच वाढतो. आणि तरीही बरेच जीवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. एप्युलोपिसियमवरचे सारे संशोधन माशांतून थेट घेतलेल्या पेशींवर झालेले आहे, शुद्ध संवर्धन हाताशी नसतानाही एवढे ज्ञान मिळू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे धीर येतो.

डीएनएच्या कामात नमुना जतन करण्याची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवावी लागते. डीएनए काढायचा असेल तर तीव्र इथेनॉल किंवा खोल गोठवण, आणि पेशींची रचना पाहायची असेल तर योग्य स्थिरीकरण द्रव्य. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून पुढे चांगला डीएनए मिळणे अवघड जाते. जीवाणूंची ओळख ज्यावरून पटवतात ते १६-एस रायबोसोमल जनुक सुमारे १,५०० बेसजोड्यांचे असते, आणि बहुतेक प्रयोगशाळा त्याचा एक तुकडाच वाचून घेतात. त्यातून वंश बऱ्यापैकी कळतो, जात मात्र पुष्कळदा कळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नमुना न घालता डीएनए काढण्याचे तेच किट वापरून केलेला कोरा नियंत्रण-प्रयोग. किटमध्ये आणि पाण्यातही जीवाणूंचा डीएनए असतो, आणि नमुन्यात जीवाणू कमी असतील तर यादीत तोच वर येऊन बसतो. कोऱ्या नियंत्रणाशिवायची यादी माझ्यासमोर आली तर मी ती बाजूला ठेवते. आपल्याकडे क्रमनिर्धारण बहुधा बाहेरच्या सेवेकडून करून घेतले जाते, त्यात वाईट काही नाही. पण आलेली माहिती स्वतः उघडून तपासता यावी एवढी आर ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्र प्रत्येकाला यायलाच हवे. ठाणे लोकलमधल्या रोजच्या प्रवासातही हे दोन्ही शिकता येते, आमच्यातील अनेकांनी तसेच ते शिकले आहे.

शिक्षणाच्या वाटा साधारणतः ठाऊक असतात, म्हणून त्या भरभर सांगते. सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांपैकी कोणत्याही विषयातून येथे येता येते. ज्यांना बारावीनंतरच माशांकडे वळायचे आहे त्यांच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्याला सर्वांत जवळची. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मत्स्य-आरोग्य, मत्स्यपोषण आणि जैवतंत्रज्ञान हे आपल्या विषयाला लागून असलेले विभाग आहेत, आणि तेथील प्रवेश भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून होतो. ठाण्याहून घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे वर्सोव्याची मेट्रो घेतली की तेथे रोज जाऊन-येऊन शिकता येते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबईतील प्रादेशिक केंद्रही त्याच परिसरात आहे. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र जीवाणूंची ओळख आणि जतन शिकण्यासाठी उत्तम आहे. संशोधन-शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-नेटची जीवशास्त्र शाखा, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी आणि गेट या परीक्षा आहेत. त्यांचा अभ्यास एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू करावा, दुसऱ्या वर्षी प्रकल्पातून डोके वर काढायला सवड मिळत नाही.

नोकरीबद्दल पालकांना अधिक काळजी असते, आणि ती रास्तच आहे. केवळ महाकाय जीवाणूंवर काम करून पगार देणारी जागा आपल्या परिसरात नाही. परंतु त्या अभ्यासातून जी नजर आणि जो हात तयार होतो त्याला येथे मागणी आहे. तळोजा औद्योगिक वसाहतीत समुद्री मासळीवर प्रक्रिया करून निर्यात करणारे कारखाने आहेत, आणि तुर्भे-रबाळे पट्ट्यात अन्नचाचणी प्रयोगशाळा आहेत. तेथे आतड्यातील जीवाणूंचे ज्ञान दररोज उपयोगी पडते, याचे एक उदाहरण पुरे आहे. बांगडा आणि ट्यूना यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा मेल्यावर तो लगेच थंड केला नाही तर आतडे आणि कल्ल्यांतील मॉर्गनेलासारखे जीवाणू मांसात शिरून या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात, आणि असा मासा खाल्ला की चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, उलट्या, धडधड असा त्रास होतो. हिस्टामिन शिजवल्याने नष्ट होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकांनुसार अशा माशांत त्याचे प्रमाण किलोमागे २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. नमुन्यात ते वाढलेले निघाले तर मासा नावेवर किती वेळ बर्फाविना राहिला, पोट केव्हा साफ केले, हे प्रश्न विचारावे लागतात, आणि ते विचारता येण्यासाठी माशाचे आतडे माहीत असावे लागते.

दुसरी वाट मत्स्यसंवर्धनाची. रायगड आणि पालघर जिल्ह्यांत कोळंबीचे प्रकल्प आहेत, आणि तेथे खाद्यातून किंवा तळ्याच्या पाण्यातून उपयुक्त जीवाणू देण्याचा, म्हणजे प्रोबायोटिक्सचा, बराच प्रसार झाला आहे. या बाजारात चांगली उत्पादने आहेत तशीच पुरेशी तपासणी न झालेलीही आहेत. पाकिटावर लिहिलेला जीवाणू पाकिटात जिवंत आहे का, असल्यास तो कोळंबीच्या आतड्यात टिकतो का की दोन दिवसांत बाहेर पडतो, हे तपासणारी माणसे हवी आहेत. शेतकरी उधारीवर हे सारे विकत घेतो, म्हणून या तपासणीला मी केवळ प्रयोगशाळेतले काम मानत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा मागोवा हाही याच वाटेवरचा विषय आहे. लोकवस्तीचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी जिथे येते अशा खाडीतला बोय आपल्या आतड्यात काय बाळगतो, हा ठाणे-नवी मुंबईच्या आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्यावर वर्षानुवर्षे काम करावे लागेल.

मार्गदर्शक निवडताना प्रसिद्ध शोधनिबंधांच्या संख्येपेक्षा त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी नमुने स्वतः गोळा करतात का, हे पाहा. शक्य झाले तर एक दिवस तेथील विद्यार्थ्यांबरोबर काढा आणि त्यांच्या नोंदवह्या पाहू द्याल का असे नम्रपणे विचारा. ज्या नोंदवहीत वेळ, भरती-ओहोटी, माशाची लांबी, पोट भरलेले होते की रिकामे आणि आतड्याचा नेमका भाग लिहिलेला आहे, ती प्रयोगशाळा तुम्हाला काहीतरी शिकवील. पत्र लिहिताना माझी या विषयात खूप आवड आहे एवढेच लिहून थांबू नका. एखादा मासा स्वतः उघडून पुढच्या आणि मागच्या आतड्यातील द्रव्याचे केलेले निरीक्षण, त्याचे प्रमाणपट्टीसह घेतलेले छायाचित्र आणि त्यावरून पडलेला एक प्रश्न, असे एका पानात मांडून पाठवा. छायाचित्र मोबाइल कॅमेरा आयपीसला लावून काढलेले असले तरी चालते, फक्त कोणत्या भिंगाखाली काढले आणि मासा कोणत्या वेळी धरलेला होता हे त्याच्या खाली लिहायला हवे.